तुझं मत कुणाला होतं, अंबू?

अंबू,

मंगळवेढ्याच्या मोटारीतून तुझी ट्रंक आली. तू आली नाहीस. ट्रंकेबरोबर तुझ्या तिथल्या शाळेची शिपाईण बसव्वा होती. ती ओट्यावर टेकली, घोटभर पाणी प्याली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "काशीबाई तुमीच न्हवं? बाईंनी तुमचंच नाव सांगितलं व्हतं. माजं जे काय हाय ते सोलापुरात काशीकडं द्या म्हणाल्या." मी विचारलं, बाई कशा आहेत? विचारण्याआधीच मला कळलं होतं. तरी विचारलं. माणूस विचारतंच.

विषमज्वरानं गेलीस म्हणे. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती. बसव्वा सांगत होती, "तापात सारकं एकच बगा. रांगेत या, ढकलू नका, एकेकीनं या. आमाला वाटलं, शाळेतल्या पोरींना म्हणत्यात." पोरींना तू कधी रांगेत उभं केलं नाहीस. त्या तुझ्याभोवती घोळक्यानंच असायच्या आणि तुला ते आवडायचं. तू कुठल्या रांगेबद्दल बोलत होतीस ते मला ठाऊक आहे. त्या रांगेत मीही उभी होते.

आधीच सांगून ठेवते, मी माफी मागायला बसलेले नाही. आपलं भांडण मिटलेलं नाही. ते अर्ध्यावर टाकून निघून जायची ही रीत मला अजिबात आवडलेली नाही. दोघींच्या भांडणात एकीनं मरून जाणं म्हणजे शुद्ध लबाडी आहे. आता मी काहीही बोलले तरी लोक म्हणणार, मेलेल्या माणसाला बोलू नये. मी बोलणार. तुला बोलायचं नाही तर कुणाला बोलायचं?

या गल्लीत मी लग्न होऊन आले तेव्हा तुझी माझी मधली भिंत एकच होती. तू माझ्याच वयाची, आणि तुझं लग्न होऊन, विधवा होऊन, तू परत वडलांकडे आलेली. कपाळ मोकळं. माझ्या गृहप्रवेशाला नणंदांनी दार अडवलं, नाव घे म्हणाल्या. आईनं पढवलेला उखाणा माझ्या तोंडून निघेना. घाम फुटला. तुला त्या दारात यायची मुभा नव्हती, म्हणून तू तुझ्या खिडकीच्या गजाला तोंड लावून उभी होतीस. तिथून तू मला उखाणा पुटपुटून सांगितलास आणि मी तो म्हटला. दार सुटलं. सगळ्या म्हणाल्या, नवी नवरी हुशार आहे! तेव्हापासून मी या गल्लीत हुशार ठरले ते तुझ्या जिवावर. पुढं त्याच खिडकीतून तू मला अक्षरं शिकवलीस. सासूबाई वाळवण घालायला गच्चीवर गेल्या की मी पाटी घेऊन यायची. आज हे जे लिहितेय तेही तुझंच. मला एक गोष्ट मात्र कधी उमगली नाही. जिला जन्मात कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, तिला इतके उखाणे पाठ कसे?

मग ती म्युनिसिपालटीची निवडणूक आली. मार्शल लॉ उठून वर्षं लोटली होती, पण गावाची पाठ अजून ताठ झालेली नव्हती. पांढरी गांधीटोपी घातली म्हणून तुरुंगात जाऊन आलेली माणसं आपल्याच गल्लीत होती. शिपाई दिसला की बायका दार लोटून घ्यायच्या. आपल्या वॉर्डात एका बाजूला रावसाहेब, सुताचे मोठे व्यापारी, साहेबांच्या बंगल्यावर ज्यांची ऊठबस. दुसऱ्या बाजूला आपले वकील, जे मार्शल लॉच्या दिवसांत आत जाऊन आलेले. आपल्या वॉर्डात घरोघरी माग. आणि मागाला सूत यायचं ते रावसाहेबांच्या दुकानातून. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

रावसाहेबांचे दिवाणजी चन्नप्पा आठ दिवस आधीपासून दारोदार फिरले. दमदाटी नाही, आरडाओरडा नाही. गोड बोलायचे, पान खायचे आणि निघताना म्हणायचे, "मत कुणालाबी टाका, अक्का. आमी कोन सांगनारं? फकस्त नाव जरा मोट्यानं सांगा. मी तितंच बसलेला असतो की." कारण नियमच तसा होता. जिला लिहितावाचता येत नाही तिनं उमेदवाराचं नाव अंमलदाराला तोंडानं सांगायचं आणि अंमलदारानं कागदावर खूण करायची. आणि उमेदवाराचा माणूस त्याच खोलीत बसलेला. म्हणजे मत कुणाला दिलं हे घराघराचं सूत मोजून देणाऱ्या माणसाच्या कानावर पडणार. बायका घरी येऊन माझ्यापाशी रडायच्या. नरसम्मा म्हणाली होती, "वकिलालाच टाकायचं मनात हाय अक्का, पण उद्या सूत न्हाय दिलं तर माग काय हवेवर चालनार?"

बायकांच्या खोलीवर अंमलदार म्हणून तुला नेमलं. बायकांसमोर बसायला बाई हवी आणि शिकलेली बाई गावात शोधूनच काढावी लागायची. तू म्युनिसिपालटीच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, तेव्हा तूच. आदल्या दिवशी तू खिडकीशी आलीस आणि म्हणालीस, "काशे, तुझी ती मोठी चादर दे. रुखवतातली."

"का? थंडी वाजते?"

"मला नाही. उद्या दिवाणजींना वाजणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचले तर वर्गाच्या कोपऱ्यात माझी चादर दोरीवर टांगलेली. पलीकडं तुझं स्टूल, अलीकडं यादीचं टेबल. टेबलाशी ओळख पटली की तू बाईला घेऊन आत जायचीस, ती तुझ्या कानात उमेदवाराचं नाव सांगायची, तू खूण करायचीस, ती कागद घडी घालून बाहेर येऊन पेटीत टाकायची. दिवाणजी इकडं बाकावर बसून चादरीवरच्या नक्षीकडं बघत राहिले. थोड्या वेळात त्यांना ते सोसेना. हरकत घेतली, मामलेदारांना बोलावणं धाडलं. साहेब आले, चादरीकडं बघून म्हणाले, हे काय? तू उभी राहिलीस. डोळे खाली, आवाज अगदी गरीब. "बायकांची जागा आहे, साहेब. पडदा नको म्हणता? मग रावसाहेबांच्या घरच्या बायका येतील तेव्हा त्यांनाही दिवाणजींच्या समोरच उभं करते." मामलेदार आल्या पावली परत फिरले. जाताना दारातल्या शिपायाला मात्र फाटकाबाहेर उभा राहा म्हणून सांगून गेले. ते तू सांगायला लावलंस की त्यांनाच सुचलं, हे मी तुला विचारणार होते. राहिलं.

मग दिवाणजींनी दुसरी वाट धरली. यादीत आम्हा बायकांना कुठं नाव होतं? शिवलिंगप्पाची बायको, व्यंकय्याची बायको, असंच सगळं. ओळख पटवायची तर नवऱ्याचं नाव सांगायला हवं, आणि नवऱ्याचं नाव आमच्यातल्या कुणीच घेत नाही. मल्लव्वा टेबलापुढं उभी राहिली आणि तिची दातखीळ बसली. "आमच्या घरचं म्हंजे... त्ये कोपऱ्यावरचं घर न्हाय का... थोरल्या लेकीचं वडील..." दिवाणजी तत्काळ ओरडले, "नाव सांगत न्हाय म्हंजे बाई खोटी! हरकत!" मागं रांगेत चुळबुळ सुरू झाली. सगळ्यांची तीच गत होणार होती. दोघी तिघी तर मागच्या मागं फाटकाकडं वळल्यासुद्धा.

तू लेखणी खाली ठेवलीस. मला अजून तुझा चेहरा दिसतो. म्हणालीस, "मल्लव्वा, नुसतं नाव कशाला घेतेस? उखाण्यात घे की."

मल्लव्वा आजी झालेली बाई. ती अशी लाजली की रांगेतल्या सुना हसायला लागल्या. मग पदर सावरून, दिवाणजींच्या अगदी तोंडावर तिनं म्हटलं,

"सिद्धेश्वराच्या तळ्यात कमळं फुलली दाट,
शिवलिंगप्पाचं नाव घेते, सोडा माजी वाट!"

अख्ख्या वर्गात हशा पिकला. फाटकाकडं गेलेल्या परत फिरल्या. त्यानंतर काय विचारतेस! डोहाळजेवणाला जमल्यासारख्या बायका एकेक करून पुढं यायच्या आणि नाव घ्यायच्या. जिला सुचायचं नाही तिला तू हळूच पहिली ओळ द्यायचीस. नरसम्माचं मराठी मोडकं, तिला तू सगळाच सांगितलास आणि तिनं तेलुगू हेल काढून तो म्हटला,

"उभा ताणा, आडवा बाणा, मागावर इनलं लुगडं,
व्यंकय्याचं नाव घेते, दार ठेवा उघडं!"

आणि चादरीआड गेली. तिनं कुणाचं नाव सांगितलं ते तुला एकटीला ठाऊक. दिवाणजींना नाही, मला नाही, व्यंकय्यालाही नाही. तिच्या मागाला सूत येत राहिलं.

माझी पाळी आली. मी पुढं झाले तर तू अनोळखी बाईकडं बघावं तसं माझ्याकडं बघून विचारलंस, "नवऱ्याचं नाव?"

"तुला ठाऊक नाही होय गं?"

"मला ठाऊक आहे. टेबलाला ठाऊक नाही."

मी नाव घेतलं. तोच उखाणा, जो तू मला खिडकीतून सांगितला होतास. तुझे ओठ माझ्याबरोबर हलले. तो दिवस तिथंच संपला असता तर किती बरं झालं असतं, अंबू.

पण मग सत्तव्वाचं आलं.

सत्तव्वा आपल्या पलीकडच्या आळीतली. तिचा लेक सिद्राम टोपीपायी तुरुंगात गेला होता. तो परत आला तो खंगून, आणि त्या दिवसापासून म्हातारी एकच म्हणायची, "या मेल्यांचं उट्टं मी कागदावर काडीन." निवडणूक जाहीर झाल्यावर तिनं नवं लुगडं काढून ठेवलं होतं. आणि निवडणुकीच्या तोंडावर ती गेली. तेरावं नुकतंच झालेलं. यादीत तिचं नाव तसंच, भीमण्णाची बायको म्हणून. मी काय केलं ते तुला माहीत आहे, तरी सांगते. मी तिच्या सुनेला, गंगूला, सासूचं ते नवं लुगडं नेसवलं, टांग्यात घातलं आणि सत्तव्वा म्हणून रांगेत उभं केलं. मी केलं. पुन्हाही करीन. ते मत सत्तव्वाचंच होतं. तिनं ते मनात कधीच टाकलं होतं. गंगू फक्त ते उचलून पेटीपर्यंत नेणार होती.

गंगूला मी वाटेत पढवलं होतं, भीमण्णाचं नाव घ्यायचं. पण तिला सासऱ्याचं नाव तरी कुठं घेता येतं? ती बिचारी पुढं झाली, तू यादीवर बोट ठेवून विचारलंस, आणि तिच्या तोंडून लग्नापासून जो घोकलेला तोच उखाणा बाहेर पडला.

"चुलीवर तवा, तव्यावर भाकर,
सिद्रामचं नाव घेते, ग्वाड जशी साकर."

झालं. सासूच्या जागी उभी राहिली आणि नाव घेतलं स्वतःच्या नवऱ्याचं. दिवाणजी तेव्हा पानाला चुना लावत होते. त्यांचं लक्षही नव्हतं. ऐकलं ते तू आणि मी. तू मान वर केलीस. आधी तिच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं. मी डोळ्यांनी तुझ्या किती विनवण्या केल्या! तू अगदी हळू आवाजात म्हणालीस, "घरी जा गं पोरी. तव्यावरची भाकर करपेल."

आणि ती गेली.

सकाळी रावसाहेबांकडून अशाच दोघी आल्या होत्या. त्यांनाही तू अशीच, गाजावाजा न करता, परत धाडलं होतंस. मला ते ठाऊक होतं. त्यामुळं माझा राग कमी झाला नाही, वाढला. त्या आणि सत्तव्वा तुला सारख्याच वाटल्या? मी व्हरांड्यात बसून राहिले. उठून गेले असते, पण पाय निघेना. त्यामुळं शेवटचं मत मी पाहिलं. सगळ्या गेल्यावर तू खुर्चीतून उठलीस, आपल्याच टेबलापुढं येऊन उभी राहिलीस. वडलांचं घर तुझ्या नावावर, तेव्हा तुझंही मत होतं. मोकळ्या खुर्चीला सांगावं तसं तू म्हणालीस, "अंबू, नारायणाची." उखाणा नाही, काही नाही. विधवेला उखाणा कुठला? ज्या पोराबरोबर तू लहानपणी बोहल्यावर चढलीस आणि ज्याचा चेहराही तुला आठवत नव्हता, त्याचं नाव मी तुझ्या तोंडून तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मग तू चादरीआड गेलीस.

घरी परत येताना आपण भांडलो. रस्त्यात, लोक बघत असताना. मी म्हटलं, "तुझं हे सोवळं चुलीत घाल! ते लोक शिपाई आणतात, सूत बंद करतात, आणि आम्ही एक मत आणलं तर तुला नियम आठवतो?" तू म्हणालीस, "मेलेल्याचं मत मेलेल्याबरोबर जातं, काशे. आज आपण एक मेलेली उठवली तर उद्या ते अख्खं स्मशान उठवतील. त्यांच्याकडं टांगे जास्त आहेत." मी म्हटलं, "सत्तव्वाला काय सांगशील वर गेल्यावर?" तू म्हणालीस, "सांगीन, तुझ्या सुनेला तुरुंगात जाऊ दिलं नाही. लेक गेला होता तेवढा पुरे." यावर मी आणखी मोठ्यानं ओरडले. शेवटी मी विचारलं, "तू तरी कुणाला दिलंस?" तर तू हसलीस. "मग पडदा कशाला लावला होता?"

जागा गेली. थोडक्यात गेली. एका मतानं गेली नाही हे मलाही माहीत आहे, तरी सांगते, गेली. रावसाहेब निवडून आले, आणि आले ते थेट शाळा कमिटीचे अध्यक्ष होऊन बसले. पहिल्याच बैठकीत तुला नोकरीवरून काढलं. सरकारी कामात मनमानी केली, म्हणे. ती चादर त्यांच्या डोळ्यांत सलत होती. ज्याचा विजय तू डोळ्यांत तेल घालून खरा राखलास, त्यानंच तुझ्या तोंडचा घास काढला. आणि आपली माणसं गप्प बसली, कारण त्यांना गंगू आठवत होती. मी तुझ्याशी बोलत नव्हते. पण तुझ्यासाठी भांडायला मला तुझी परवानगी लागत नाही. मी वकिलांच्या घरी गेले आणि पक्षकारांनी भरलेल्या ओसरीवर त्यांना विचारलं, "तुरुंगात जायला भ्याला नाहीत, मग एका बाईसाठी चार शब्द बोलायला का भिता?" ते म्हणाले, "काशीबाई, प्रकरण नाजूक आहे." नाजूक! मी त्यांच्या दारचं पाणीही न पिता परत आले. हे तुला कुणी सांगितलं नसणार. मीही सांगितलं नव्हतं.

तू मंगळवेढ्याला गेलीस. तिथल्या शाळेला मास्तरीण हवी होती आणि तिथं कुणाला चादर ठाऊक नव्हती. जाताना तू दारात आलीस, मी आतून भांडी घासत राहिले, जास्त आवाज करून. मग सुगीला मोटारीवाल्याबरोबर ज्वारीचं पोतं आलं. चिठ्ठी नाही. मी शेंगाचटणीचा डबा भरून परत धाडला. चिठ्ठी नाही. दर साली तेच. तुझी ज्वारी, माझी चटणी. आमचे हे म्हणायचे, "अगं, दोन ओळी तरी लिही!" मी म्हणायची, चटणीत तिखट किती टाकलंय ते बघून तिला कळतं. आणि तुला कळत होतं. गेल्या खेपेला डबा परत आला तो धुऊन, पुसून, आत गुळाचा खडा ठेवून. आता वाटतं, दोन ओळी लिहायला काय झालं होतं मला? लिहायला तर तूच शिकवलं होतंस.

ट्रंकेत दोन लुगडी, पुस्तकं, आणि त्या दिवसापासून तुझ्याकडंच राहिलेली माझी चादर. बसव्वा म्हणाली, तापात अंगावर हीच होती. मी ती उन्हात टाकली नाही, धुतलीही नाही. मी काय करावं तिचं, सांग. पांघरवत नाही आणि घडी घालून ठेववत नाही.

मी कुणाला सांगितलंही नाही, अंबू. गल्लीला बसव्वाकडून कळलं. बायका येऊन बसून गेल्या. मल्लव्वा आली, नरसम्मा आली, गंगू आली. गंगूनं मला धरून हंबरडा फोडला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. 'ती गेली' हे दोन शब्द मात्र माझ्या तोंडून कुणापुढं निघाले नाहीत. विचारलं तर मी मान हलवायची. तोंडानं म्हटलं की खरं होईल, असं काहीतरी वाटत होतं.

परवा वकिलांकडचे गोविंदराव आले. निवडणूक पुन्हा तोंडावर आलीय. जरा इकडचं तिकडचं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "काकू, अंबूबाईंचं नाव यादीत हाय की अजून. घर त्यांच्याच नावावर हाय न्हवं?" मी म्हटलं, मग? "न्हाय, म्हणजे... तुमी शेजारच्या. वयबी तेच. यावक्ती बायकांच्या खोलीवर दुसरी बाई येणार हाय, भायेरची. कोन वळखतंय? तुमी आधी तुमचं टाका, मागनं लुगडं बदलून त्यांचं टाका. त्या काय, आपल्याच व्हत्या."

माणूस वाईट नाही, अंबू. रावसाहेबांनी यंदा काय काय चालवलंय ते मला दिसतं. शिपाई पुन्हा फिरतायत, दिवाणजी पुन्हा पान खातायत. आणि सत्तव्वाचं मत जिनं पेटीपर्यंत न्यायला टांगा केला, ती मीच. मला तुझं मत न्यायला काय हरकत होती? खरं सांगते, क्षणभर मनात आलं, नेऊ या. तुझ्या नावानं एकदा उभी राहीन. 'अंबू, नारायणाची' म्हणेन. कुणीतरी तुझं नाव यादीतून मोठ्यानं वाचेल. तेवढ्यापुरती तू असशील.

मग मला प्रश्न पडला. तुझ्या नावानं टाकू, पण कुणाला?

सत्तव्वानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. तू कधीच सांगितलं नाहीस. वकिलांना दिलं असशील, असं सगळे धरून चालतात. मीही धरून चालले होते. पण मला माहीत नाही. इतकी वर्षं एका भिंतीला पाठ लावून राहिलो, तुझी भूक मला कळायची, तुझं डोकं दुखलेलं मला कळायचं, आणि ही एक गोष्ट तू माझ्यापासूनही चादरीआड ठेवलीस. गोविंदराव म्हणाले, त्या आपल्याच होत्या. मी म्हटलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ते गोंधळले. मी म्हटलं, "चहा घ्या आणि निघा."

आणि काल मी म्युनिसिपालटीच्या कचेरीत गेले. एकटी. कारकुनानं चष्मा वर केला.

"काय पायजे, बाई?"

"यादीतलं एक नाव कमी करायचंय."

"कुनाचं?"

"आमच्या शेजारणीचं. अंबूबाई." मी घर सांगितलं, गल्ली सांगितली. त्यानं पानं उलटून नाव काढलं.

"व्हय, हाय. का कमी करायचं? घर इकलं?"

मी मान हलवली, नाही.

"गाव सोडलं?"

मी मान हलवली.

"मग काय झालंय? तोंडानं सांगा की, बाई. मला लिवावं लागतंय."

जीभ उचलेना, अंबू. त्या दिवशी मल्लव्वाची उचलेना तशी, गृहप्रवेशाला माझी उचलली नव्हती तशी. मागं रांग लागलेली. घाम फुटला. खोट्या शपथेवर सांगायला सांगितलं असतं तर मी धडाधडा सांगितलं असतं, पण हे खरं निघेना. मी खरोखरच बाजूला बघितलं, कचेरीच्या खिडकीकडं. तिथं गज होते. पलीकडं कुणी नव्हतं. यासाठी उखाणा नाही ना गं? असता तर तुला पाठ असता.

मग मी म्हटलं, "अंबू वारली."

एवढंच. तुझं नाव मी सरळ घेतलं, तू नारायणाचं घेतलंस तसं. त्यानं लाल शाईत लेखणी बुडवली, पट्टी धरली आणि रेघ ओढली. मी ती वाळेपर्यंत उभी राहिले.

आपलं भांडण आहे तिथंच आहे. सत्तव्वाच्या बाबतीत तू चुकलीस असं मी अजून म्हणते आणि वर आले की पहिलं तेच काढणार आहे. पण तुझं मत मी तुझ्याबरोबर धाडलंय. ते कुणाला होतं हे मी कुणाला विचारणार नाही आणि कुणाला सांगू देणार नाही. रावसाहेबांचे टांगे येऊ देत नाहीतर आपल्या वकिलांचे येऊ देत, आता तुला कुणी उठवणार नाही. झोप.

तुझी,
काशी